एक, तीन, चार, दोन

दिवाळी जवळ आली की घरातल्या कर्त्या पुरुषाला एकाएकी कर्तृत्वाचा उमाळा येतो. एरवी पंख्याचे बटन बिघडले तरी वायरमनला निरोप धाडणारा गृहस्थ वसुबारसेच्या सुमारास शिडी आणतो, आकाशकंदिलाची वायर स्वतः जोडतो आणि सबंध वाड्याचा फ्यूज घालवून खाली उतरतो. १९८८ सालच्या दिवाळीत माझा हा उमाळा मोटारीवर गेला. या सदरात आजवर मी पुष्कळांच्या फजित्या सांगितल्या. आज वाचकांच्या फराळाला माझी स्वतःची वाढतो.

आमची मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीतल्या फियाट ११०० च्या घराण्यातली, वाढली कुर्ल्याच्या कारखान्यात. १९७४ साली तिचे बारसे होऊन नाव 'पद्मिनी' ठेवले गेले खरे, पण माहेरचे नाव काही सुटले नाही. पुण्यात सगळे तिला 'फियाट'च म्हणत. १०८९ सी. सी. चे इंजिन, चार सिलिंडर आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. मी ती जुनीच घेतली होती, पण आमच्या आळीत तिचा मान नव्या नवरीचा होता.

त्या वर्षीची भाऊबीज साताऱ्याला ताईकडे करायचे ठरले होते. भावोजींना आजारपणामुळे घर सोडता येत नव्हते आणि आईला लेक दृष्टीस पडून आठ महिने झाले होते. एस. टी. च्या गर्दीत आईला नेणे शक्य नव्हते. 'तुम्ही गाडीने येताय हे मी शेजारीपाजारी सांगून ठेवले आहे,' असे ताईचे कार्डही येऊन पडले होते. थोडक्यात, गाडी भाऊबिजेच्या सकाळी धडधाकट असणे ही माझी कौटुंबिक जबाबदारी होती.

त्यासाठी आठ दिवस आधी मी ती मिस्त्रींच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली. मिस्त्रींच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. शिरवळकडचा, अबोल, कामाला चोख. त्याने कार्बोरेटर साफ केला, पॉइंट घासले, आणि गाडी ताब्यात देताना म्हणाला, "साहेब, प्लग झिजल्यात. नवे आणा, मी बसवून देतो."

"मजुरी?" मी विचारले. त्याने आकडा सांगितला. आकडा काही मोठा नव्हता. पण चार स्क्रू पिळल्यासारखे चार प्लग पिळायचे, त्याला मजुरी कसली, असा विचार माझ्या मनात आला. वाचकहो, मध्यमवर्गीय माणसाचे बहुतेक मोठे खर्च हे अशा लहान बचतीतूनच उगवतात.

पाडव्याच्या दुपारी, श्रीखंड-पुरीचे जेवण अंगावर आलेले असताना, मी बाह्या सरसावून बॉनेट उघडले. सौभाग्यवती दारात येऊन म्हणाली, "अहो, उद्या साताऱ्याला जायचंय. आज कशाला हात लावता?"

"प्लग बदलायला काय इंजिनिअर लागतो?" मी म्हणालो.

पलीकडे अंगणात आमची कन्या किल्ल्यावर मावळे मांडीत बसली होती. तिच्याखेरीज या कामगिरीला साक्षीदार नव्हता. मी प्रथम चारी प्लगांच्या चारी वायरी एकदम उपटल्या, स्वच्छ पुसल्या आणि वेणी घालताना केस बाजूला घ्यावेत तशा एका बाजूला घेतल्या. जुने प्लग काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. नवे बसवताना एक हातातून निसटला आणि शहाबादी फरशीवर टणकन आपटला.

"बाबा, पडला!" कन्या म्हणाली.

"काही होत नाही. लोखंडाचा आहे," असे म्हणून मी तो फुंकरून बसवला. मग वायरी आपल्या अंदाजाने खोचल्या. पाऊण तासात काम उरकले. बटन फिरवले.

हिवतापाचा झटका यावा तशी गाडी थडथड हलू लागली. कार्बोरेटरातून 'फट्' असा आवाज झाला. पुन्हा 'फट्'. फटाके वाजवणारी आळीतली पोरे कौतुकाने भोवती जमली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी जोर धरण्याऐवजी हुंदके देऊ लागली.

संध्याकाळपर्यंत मी गुन्हेगार शोधीत होतो. पहिला संशय पेट्रोलवर. पंपवाल्याने भेसळ केली असणार. दुसरा प्लगच्या दुकानदारावर. नवे म्हणून जुनाच माल गळ्यात मारला असणार. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या खरा गुन्हेगार मला 'सापडला'. त्या पोराने कार्बोरेटर उघडला होता! आवाज कार्बोरेटरातूनच येत होता! झाले, खटला संपला.

"अहो, पण त्यानं काम करून आठ दिवस झाले. काल सकाळी तर गाडी छान चालत होती," सौभाग्यवती म्हणाली. नवऱ्याचा तर्क जोरात असला की बायकोचा मुद्दा त्याला ऐकू येत नाही.

भाऊबिजेला सकाळी साडेसहाला मी स्कूटरने त्या मुलाच्या खोलीवर पोहोचलो. तो अभ्यंगस्नान करून, नवा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन निघालाच होता. शिरवळला त्याची बहीण होती, स्वारगेटवरून एस. टी. धरायची होती. मी त्याला दारातच गाठले आणि त्याच्या आईसमोर, चाळीतल्या चार माणसांसमोर म्हणालो, "तू माझ्या गाडीचा कार्बोरेटर बिघडवून ठेवलास. सणाचा दिवस वाया घालवलास माझा. मिस्त्रींच्या कानावर घालणार आहे मी हे."

तो काही बोलला नाही. आईच्या तोंडाकडे एकदा बघितले, पिशवी खांद्याला लावली आणि स्कूटरवर माझ्या मागे बसला. मिस्त्रींच्या कानावर गेले असते तर त्याची नोकरी जाऊ शकली असती, हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच तर मी ते वाक्य बोललो होतो.

अंगणात आल्यावर मला वाटले, तो लगेच कार्बोरेटर खोलायला घेईल. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. विचारले, "साहेब, गाडी कधीपर्यंत नीट चालत होती?"

"काल सकाळी चतुःशृंगीला जाऊन आलो."

"मग तवापासून आत्तापर्यंत हिला शेवटचा हात कुणाचा लागला?"

माझ्या मागे सौभाग्यवतीच्या बांगड्या किणकिणल्या. मी म्हणालो, "माझा."

"मग तिथूनच बघू," तो म्हणाला, आणि बॉनेट उघडले.

पुढच्या पाऊण तासात त्या मुलाने मला जे शिकवले, ते कुठल्याही शाळेत एवढ्या थोडक्यात शिकवीत नाहीत.

बॅटरी असते बारा व्होल्टची. एवढ्याशा दाबाने प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारत नाही. म्हणून कॉइल तो दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवते आणि डिस्ट्रिब्यूटर ती वीज ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरला पोचवतो. मिस्त्री लोक या डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. मला कित्येक वर्षे तो शब्द कानडी वाटत असे. वास्तविक तो अमेरिकेतला. ओहायो प्रांतातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली काढलेल्या 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'च्या इंग्रजी आद्याक्षरांचा. बॅटरीवर ठिणगी पाडायची ही पद्धत त्यांनीच रुळवली. कंपनीचे नाव वस्तूला चिकटले आणि वस्तू पुण्याच्या गॅरेजात आली.

तर हा डेल्को चार सिलिंडरांना ओळीने वीज देत नाही. पंगतीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाढीत जावे, तसे इथे चालत नाही. इंजिनाचा तोल राहावा म्हणून क्रम ठरलेला असतो. आमच्या फियाटचा क्रम एक, तीन, चार, दोन. मी वायरी खोचताना दोनची तीनला आणि तीनची दोनला लावली होती. त्यामुळे एक आणि चार बिचारे इमानाने काम करीत होते, आणि दोन व तीनमध्ये ठिणगी नेमकी भलत्या वेळी, नवा वायू आत यायला झडप उघडण्याच्या सुमारास पडत होती. तोच भडका उलटा कार्बोरेटरात येऊन 'फट्' वाजत होता. म्हणजे आवाज कार्बोरेटरातून येत होता हे खरे. पण ओरडणारा तो नव्हता, मार खाणारा होता.

मुलाने दोन वायरींची अदलाबदल केली. "स्टार्टर मारा," म्हणाला. गाडीचा ताप निम्म्याहून उतरला. पण अजून एक ठोका चुकत होता. गॅरेजच्या भाषेत, गाडी 'मिसिंग' मारीत होती.

त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "साहेब, एखादा प्लग हातातून पडला होता का?"

"छे!" मी म्हणालो.

का म्हणालो, कोण जाणे. एवढे होऊनही जीभ आपली वकिली सोडीत नाही.

"बाबा, पडला होता की," किल्ल्यामागून आवाज आला. "तुम्ही म्हणालात, काही होत नाही, लोखंडाचा आहे."

तो मुलगा हसला नाही. हसला असता तर मला बरे वाटले असते. त्याने रबरी मुठीच्या पकडीने, इंजिन चालू असतानाच, एकेका प्लगची वायर क्षणभर उचलून बघितली. पहिल्याची उचलली, इंजिन लंगडले. दुसऱ्याची, लंगडले. तिसऱ्याची उचलली तर इंजिनाला त्याचे सोयरसुतक नाही. "हाच तो," तो म्हणाला. इंजिन बंद करून प्लग काढला. टोक पेट्रोलने ओले. पेटलाच नव्हता तर सुकणार कसा? आणि खालचा वाकडा दात फरशीवर आपटून मधल्या टोकाला चिकटलेला. या दोघांत सुमारे ०.६ मिलिमीटरची फट हवी. तिथे केसही जाईना. उडी मारायला ओढाच नाही, तर ठिणगी उडी मारणार कुठून?

"दात वाकवून फट करता येईल," तो म्हणाला, "पण पडलेल्या प्लगची चिनीमाती आतून तडकलेली असती कधी कधी. बाहेरून दिसत न्हाई. जुने प्लग टाकले न्हाईत ना?"

वर्तमानपत्राचे पुडके मी आणून दिले. त्याने चारी प्लग उन्हात धरून बघितले. बदामी-राखी रंगाचा असेल तो निरोगी. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, तेलकट काळा असेल तर सिलिंडरात ऑइल येते आहे, पांढराफटक असेल तर इंजिन फार तापते आहे. वैद्याने जीभ बघावी तसे. त्यातला एक बरा निवडून त्याने तिसऱ्या जागी बसवला. प्रथम बोटांनी, शेवटच्या आट्यापर्यंत, आणि मग पान्याने थोडासा फेरा. बटन फिरवले. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली.

मी खिशात हात घातला. तो म्हणाला, "नको साहेब, सण हाय," आणि पिशवी उचलली.

"तुझी एस. टी.?"

"गेली असेल. दुसरी बघतो."

आता सौभाग्यवती पुढे झाली. "काही दुसरी बघायची नाही. शिरवळ आमच्या वाटेवरच आहे. भाऊबीज काय फक्त साताऱ्यालाच असते?" तिने मुलांना आजीजवळ सरकवले आणि त्याला पुढे माझ्या शेजारी बसवले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आणि अहो, जिथे आळ घेतलात तिथेच तो परत घ्यायला हवा. गाडी दुरुस्त झाली म्हणजे सगळं दुरुस्त झालं असं नाही."

म्हणून साताऱ्याच्या आधी आमची गाडी त्याच्या चाळीपुढे थांबली. चिवड्या-करंज्यांचा डबा घेऊन मी जिना चढलो. त्याची आई दारातच होती. सकाळपासून ती तिथेच उभी होती की काय, असे मला वाटले. मी म्हणालो, "बाई, चूक माझी होती. तुमच्या मुलाने गाडी बिघडवली नाही. मी बिघडवली होती, त्याने नीट केली." शेजारी ऐकत होते. आवाज सकाळइतकाच मोठा काढायला मला फार प्रयास पडले. ती माउली एवढेच म्हणाली, "त्याला गाडीतनं नेताय न्हवं? मग झालं." मला वाटते, तिचे 'मग झालं' हे मी आयुष्यात ऐकलेल्या सर्वांत उदार शब्दांपैकी आहे.

कात्रजच्या घाटात गाडीने एकदाही कुरकूर केली नाही. शिरवळला तिठ्यावर त्याची बहीण वाट बघत उभी होती. मोटारीतून उतरणारा भाऊ बघून ती आधी घाबरली आणि मग हसली. साताऱ्याला आम्ही दोन तास उशिरा पोहोचलो. आईने लेकीला पोटाशी धरले, भावोजी काठी टेकीत फाटकापर्यंत आले, आणि उशीर का झाला हे मला सांगावे लागलेच नाही. ते काम कन्येने चवीने केले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. आमची पद्मिनी गेली. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून इतिहासजमा झाली. नव्या गाड्यांत डेल्को नाही, पॉइंट नाहीत. बहुतेक गाड्यांत एकेका प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल बसलेली असते आणि क्रम संगणक सांभाळतो. मला वाटले होते, माझी विद्या आता अडगळीत गेली.

पण गेल्या महिन्यात किल्ल्यामागच्या त्या साक्षीदाराचा, म्हणजे कन्येचा फोन आला. तिने स्वतःच्या गाडीचे प्लग स्वतः बदलले होते. (असले गुण रक्तातून उतरतात.) गाडी हलत होती आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता.

"दिवा लुकलुकतोय तोवर गाडी पळवू नकोस," मी म्हणालो. "न जळलेलं पेट्रोल धुराड्याच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो भाग प्लगांच्या कितीतरी पट महाग असतो. आधी सांग, शेवटचा हात कुणाचा?"

"माझा," ती पटकन म्हणाली. मला हे म्हणायला १९८८ साली एक रात्र आणि एक सकाळ लागली होती.

तिच्याकडे गाडीतल्या संगणकाचे निदान वाचायचे यंत्र होते. त्यावर 'पी ०३०३' असा आकडा होता, म्हणजे तिसरा सिलिंडर ठोका चुकवतो आहे. पुन्हा तिसराच! इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन तिने तिसऱ्या कॉइलचा विजेचा खटका तपासला. तो 'टक्' असा बसलाच नव्हता, नुसता टेकला होता. तो दाबला आणि दुखणे गेले. गेले नसते तर मी तिला तिसरी कॉइल दुसऱ्या जागी आणि दुसरी तिसऱ्या जागी लावून बघायला सांगणार होतो. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला आणि आकडा 'पी ०३०२' झाला तर कॉइल वाईट. तिसऱ्यातच राहिला तर प्लग किंवा दुसरे काही. एक गोष्ट मात्र तिला बजावली: चालू इंजिनावर वायरी उचलून बघायची त्या मुलाची रीत नव्या गाडीला लावायची नाही. हाताला जबर झटका बसतो आणि नाजूक विजेची यंत्रणाही बिघडते.

तेव्हा ज्यांना या दिवाळीत मोटारीचा उमाळा आला असेल, त्यांनी माझ्या अनुभवातून एवढे घ्यावे. इंजिन थंड असताना काम करावे. एका वेळी एकच वायर काढावी, तो प्लग बदलून ती परत लावावी आणि मगच दुसरीला हात घालावा. प्लग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जातीचा व लांबीचाच घ्यावा. फार लांब निघाला तर पिस्टनवर आपटतो. तो बोटांनी बसवावा. वॉशरचा नवा प्लग असेल तर मग पान्याने सुमारे अर्धा फेरा पुरे. इरिडियमच्या प्लगची फट ठोकून कमीजास्त करायला जाऊ नये, त्याचे टोक फार नाजूक असते. टोपी आणि खटके 'टक्' वाजेपर्यंत दाबावेत. काम करताना हवेची एखादी नळी निघाली असेल तर ती परत लावावी. आणि गाडी नीट चालेपर्यंत जुने प्लग टाकू नयेत.

तो मुलगा आता मुलगा राहिलेला नाही. सातारा रस्त्यावर त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, हाताखाली चार पोरे आहेत. मिस्त्रींना झालेली हकीकत मी स्वतःच दिवाळीनंतर जाऊन सांगितली होती. ते मिशीत हसले आणि मुलाचा पगार वाढवला. यंदा फराळाचा डबा घेऊन मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा एक गिऱ्हाईक तावातावाने सांगत होते, "तुमच्या पोरानं गाडी बिघडवली!"

तो शांतपणे हात पुसत उठला. आता तो काय विचारणार, हे मला ठाऊक होते. मी त्या गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची दिली.